दुसऱ्या दिवसाचे पाय

शनिवारची शर्यत मी कशीबशी काढायचो. माझं खरं भांडण रविवारशी होतं. शनिवारी समुद्रपूरकडच्या एखाद्या गावात धावायचं, एसटीनं घरी यायचं, गुडघ्यांना तेल चोळून पडायचं आणि रविवारी सकाळी हिंगणघाटच्या बाजूला दुसऱ्या शर्यतीसाठी पुन्हा उभं राहायचं, असा तो अख्खा हिवाळा आम्ही काढला. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी. मी पन्नाशीला टेकलेला, सावंगीच्या पलीकडे थोड्याशा जमिनीत वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून वर्ध्याच्या बाजारात विकणारा माणूस. ती एकोणीस वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि ती माझ्यापेक्षा जोरात धावते. आमच्या सगळ्या दुःखाचं मूळ या दुसऱ्या गोष्टीत होतं.

न दिसणाऱ्या मुलीला शर्यतीत एकटं धावता येत नाही. तिच्या शेजारी एक दिसणारा माणूस धावतो. दोघांच्या हातात एका आखूड दोरीची दोन टोकं असतात. त्या माणसानं तिला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, रेषेवर तिच्या आधी पोचायचं नाही. फक्त बरोबर राहायचं आणि बोलत राहायचं. डावीकडे वळण आहे, पुढे खड्डा आहे, समोरून म्हैस येते आहे. ऐकायला हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण धावायला आणि बोलायला दम एकच असतो, हे मला पहिल्याच रविवारी कळलं.

मी या भानगडीत कधीच पडलो नसतो. माझ्या वयाची माणसं आमच्याकडे बैल सुटला तरच पळतात. तिची दोरी आधी शेजारच्या मुलीकडे होती. दोघी लहानपणच्या मैत्रिणी. माझी मुलगी नागपूरच्या शाळेतून धावणं शिकून आली, तेव्हापासून दोघी पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं निघायच्या आणि तासाभरानं घामाघूम होऊन, भांडत आणि खिदळत परत यायच्या. मग त्या मुलीचं उन्हाळ्यात लग्न झालं. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात तिला दिली. हळदीच्या दिवशी माझी मुलगी तिला म्हणाली, “आता माही दोरी कोण धरन वं?” बायका हसल्या, ती नवरी पण हसली. मी मांडवाची दोरी ओढता ओढता थांबलो.

पावसाळ्यानंतर जिल्ह्यातून तिची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. पुण्याला, पंधराशे मीटर. प्रत्येक मुलीबरोबर एक सोबती धावतो, त्यामुळे एका वेळी थोड्याच मुली मैदानात उतरवतात. शनिवारी पहिली फेरी आणि त्यातून निवडलेल्या मुलींची रविवारी अंतिम. तिच्या जुन्या शाळेतल्या शिक्षकांनी फोनवर मला सांगितलं, “पहिल्या दिवशी सगळेच पळतात. दुसऱ्या दिवशी पाय उचलला पाहिजे, आणि तिचा एकटीचा नाही, तुमचाही.” त्यांनीच उपाय सांगितला. आमच्या भागात हिवाळ्यात गावोगावी शर्यती होतात. कुठे युवक मंडळ, कुठे एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, कुठे यात्रा. शनिवारी एक धरा, रविवारी दुसरी धरा. दुसऱ्या दिवसाचे पाय असेच तयार होतात, म्हणाले.

तिचे पाय तयार झाले.

माझी बायको शनिवार-रविवार एकटीनं बाजार सांभाळायची. ती निघताना मला एकच विचारायची, “कराचंच हाये का हे?” आणि मी चिडून म्हणायचो, “मंग कोण करन?” ती भाजीची टोपली उचलून निघायची. गावात शोध घेतला नव्हता असं नाही. भरतीची तयारी करणारी पोरं होती, पण कोणाची परीक्षा, कोणाचं गाव सोडून जाणं, आणि कोणी तोंडावर हो म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे दिसतच नसे. मुली धावणाऱ्या दोन-तीनच, आणि त्या माझ्याहून हळू.

आता त्या शर्यतींबद्दल सांगतो. आमची माणसं वाईट नाहीत. पण त्यांच्या चांगुलपणानं माझ्या पोरीला जेवढं छळलं तेवढं कोणी वाईटानं छळलं नसेल. गेल्या गेल्या माईकवर सुरू व्हायचं, “आपल्यामध्ये आज एक अंध भगिनी आलेली आहे, जोरदार टाळ्या!” मग शाल, मग नारळ, मग कोणीतरी पाच मिनिटं जिद्दीवर बोलायचं आणि तोवर आमचे गरम केलेले पाय पुन्हा गार. एकदा तिनं नारळ परत त्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाली, “काका, मले नारळ नको. माहा नंबर किती आला तेवढं सांगजा.” तो माणूस बिचारा गोंधळला. तिचा नंबर कोणी लिहिलाच नव्हता. तिला उत्तेजनार्थ द्यायचं आधीच ठरलं होतं.

एका गावी तर कहर झाला. तिथं मुलींच्या शर्यतीत आम्ही चौथ्या-पाचव्या जागी होतो. शेवटच्या वळणावर मंडळाची पोरं रस्त्यात उतरली आणि पुढे धावणाऱ्या मुलींना हात आडवे करून थांबवलं. तिला पुढे जाऊ द्या, तिला पुढे जाऊ द्या, असा आरडाओरडा. लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझी मुलगी धावता धावता कान देऊन ऐकत होती.

“बाबा, समोरच्या पोरी काऊन थांबल्या?”

मी काय सांगणार? म्हटलं, “थांबवलं त्याईले.”

ती जागच्या जागी उभी राहिली. भर रस्त्यात, हात कमरेवर ठेवून. मी दोरी धरून तिच्या बाजूला, आणि पुढे त्या अडवलेल्या मुली, आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारं गाव. हळूहळू टाळ्या थांबल्या. एक कार्यकर्ता पळत आला आणि मला म्हणाला, “काका, ने ना तिले पुढं, सगळे थांबले.” तिनंच उत्तर दिलं, “त्याईले पयू द्या आधी. मंग मी पयतो का नाई ते पाहा.” शेवटी त्या मुलींना सोडलं तेव्हाच ती निघाली. सहावी आली. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून गुणगुणत होती, कारण तो नंबर तिचा स्वतःचा होता. मी मात्र घाबरलो होतो. आम्ही उभे राहिलो तेवढी विश्रांती मला मिळाली नसती तर मी त्या वळणाच्या पुढे गेलोच नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डिसेंबरात समुद्रपूरकडच्या एका शर्यतीला तिची ती मैत्रीण आली. रस्त्याच्या कडेला सासूच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन उभी. आम्ही जवळ आलो तशी ती सासूबिसू विसरून ओरडली, “पाय उचल वं! ढोपरं वर!” माझ्या मुलीनं आवाज ओळखला आणि अशी काही सुटली की माझा खांदा उखडायची वेळ आली. शर्यत संपल्यावर ती मैत्रीण भेटायला आली. पोटुशी होती, पाचवा की सहावा महिना. तिनं दोरी हातात घेऊन पाहिली, दोघी खूप वेळ काहीतरी कुजबुजल्या आणि मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “काका, तुम्ही तोंडानं श्वास घेऊन राह्यले. असं तं बोलता नाई येणार. तिले खड्डा कोण सांगन?” मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी खड्डा आला.

रविवार होता, हिंगणघाटच्या बाहेरचा रस्ता. कापसाच्या गाड्यांनी तो रस्ता खाल्लेला आहे. पहिला अर्धा रस्ता मी बोललो. डावीकडे घे, आता सरळ, आता उतार. मग माझ्या छातीत भाता सुरू झाला. पाय चालत होते, पण शब्द निघेना. समोर खड्डा मला स्पष्ट दिसला. मी तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा बाहेर आली. मी दोरी ओढली, पण तोवर उशीर झाला होता. ती तोंडावर आपटली. हनुवटी फुटली, दोन्ही गुडघे सोलले गेले, तळहातात खडी घुसली. ती उठून बसली आणि रस्त्यावर चाचपडत दोरी शोधू लागली. मी तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो होतो आणि तरी मला “मी इथं आहे” एवढं म्हणता येत नव्हतं. तिला वाटलं मी मागे राहिलो. “बाबा?” ती म्हणाली. “बाबा, कुठी हाये तुम्ही?” मी तिचा हात धरला, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

त्या रात्री बायको माझ्याशी बोलली नाही. मुलगी तिला समजावत होती की काही झालं नाही, खरचटलं आहे नुसतं. मी अंगणात बसून राहिलो. मला रडू येत होतं आणि कोणाचा राग करावा ते कळत नव्हतं. वयाचा राग करून काय होणार? पुण्याच्या शर्यतीला महिना राहिला होता, आणि माझ्या पोरीच्या पायात जेवढा वेग होता त्याच्या निम्मा दम माझ्या छातीत नव्हता. तिला अंतिम फेरी धावायची होती. दुसरं तिला आयुष्याकडून तेव्हा काहीही नको होतं. आणि ती व ती फेरी यांच्या मध्ये मी उभा होतो, दोरी धरून.

मग एक मुलगा मिळाला. आमच्याच गावचा, दूध डेअरीवर काम करणारा, भरतीची तयारी सोडून दिलेला पण पळणं न सोडलेला. त्यानं आम्हाला त्या रविवारी पाहिलं होतं. स्वतःहून घरी आला आणि दारातच म्हणाला, “काका, मी धरून पाहू का दोरी?” दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं कॅनॉलच्या रस्त्यानं निघाले. मी सायकलवर मागे. मी खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मी माझ्या मुलीला पहिल्यांदा धावताना पाहिलं. इतके दिवस मी तिच्या बाजूला होतो, पण मला माझ्या पायांशिवाय काही दिसलंच नव्हतं. ती मान वर करून धावत होती. तो मुलगा सहज गप्पा मारत होता, पुढे चिखल आहे, बाभळीची फांदी आहे, अन् तुमचे वडील सायकल हातात घेऊन चालून राह्यले. ती मोठ्यानं हसत होती. सायकलवरून मला त्यांना गाठता येईना.

तीन-चार दिवस असे सोन्यासारखे गेले. मग त्या मुलाची आई आली.

ती भांडायला आली नव्हती, म्हणून तर आम्हाला तिच्यावर चिडता आलं नाही. चहा घेतला, मुलीच्या हनुवटीची चौकशी केली आणि मग माझ्या बायकोकडे पाहत म्हणाली, “बाई, राग नोको मानू. माह्या पोराचं लगन व्हाचं हाये अजून. पोरीवाले पाहुणे येऊन राह्यले. रोज पहाटे एका जवान पोरीच्या हाताले हात बांधून गावातून पयते म्हटल्यावर त्याले कोण पोरगी देईन? हाताले हात तं मांडवात बांधतात.” माझी बायको कप गोळा करायला लागली. तिलाही हे सुचलं नव्हतं असं नाही. मी म्हणालो, “दोरी हाये ती, वहिनी. शर्यतीची दोरी.” ती म्हणाली, “मले समजते, भाऊ. लोकाईले कोण समजावन?”

तोडगा पण तिनंच काढला. राखी बांधा. पौर्णिमा नसली तरी काय झालं, देवासमोर बांधा, चार बायकांना बोलवा. एकदा भाऊ झाला की कोणी काही बोलणार नाही, तिचे पाहुणेही बोलणार नाहीत. माझ्या बायकोचा चेहरा एकदम उजळला. माझाही. इतकं सोपं होतं तर आधी का नाही सुचलं, असं मी म्हणालोही. बायको कपाटातून रेशमी दोरा शोधायला उठली.

“मले भाऊ नाई पायजे,” आतल्या खोलीच्या दारातून मुलगी म्हणाली. ती सगळं ऐकत उभी होती. “मले पयणारा पायजे.”

“राखी बांधली म्हणून काय तो पयायचा थांबन का?” तिची आई म्हणाली.

“थांबन. भाऊ झाला का तो मले सांभाळन. हळू पयन. पडली तं घरी काय सांगू म्हणून भिईन. सांभाळायले तुम्ही हाये ना सगळे. मले कोणीतरी असं पायजे का जो मले सांभाळत नाई.”

त्या मुलाची आई पदर सावरून उठली, “पाहा बाप्पा तुमचं तुम्ही,” असं म्हणाली आणि गेली. मायलेकींचं त्यानंतर जे भांडण झालं ते दोन दिवस चाललं. आई म्हणे, एक दोरा बांधायला तुझं काय जातं. ती म्हणे, माझं काय जातं ते मलाच माहीत. मी मध्ये पडलो नाही. मला तिचा राग आला होता, हट्टी आहे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहे, असं वाटत होतं. आणि तरीही, दोरी पुन्हा माझ्या हातात आली तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली. मुलगा दोनदा रस्त्यात दिसला, मान खाली घालून निघून गेला. त्याचाही काही दोष नव्हता.

मग मी जिवावर उदार होऊन धावलो. दुसरा शब्द नाही. शेतात पाणी द्यायला जाताना धावायचो, बाजारातून येताना धावायचो. सावंगीच्या मेडिकल कॉलेजची पोरं संध्याकाळी रंगीत बूट घालून त्या रस्त्यानं पळतात. एकदा त्यांच्यातला एक जण थांबून मला म्हणाला, “काका, या वयात असं एकदम नका करू, एकदा तपासून घ्या.” मी म्हटलं, “शर्यत झाली की घेतो.” तो होणारा डॉक्टर माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता ती मला आवडली नाही. पुण्याच्या आधीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही दोन्ही शर्यती पूर्ण केल्या. रविवारी रेषा ओलांडली आणि मी रस्त्याच्या कडेला तुरीच्या शेतात ओकलो. छातीत कळ आली आणि गेली. मुलगी बाजूला उभी होती. तिला माझा चेहरा दिसत नाही याबद्दल मी देवाला धन्यवाद दिले. पण तिला ऐकू येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी तिला बांधावर बसवून सांगितलं, “हे पाह्य, मैदानात खड्डे नसतात. मले बोलायची गरज नाई. तू पूर्ण ताकदीनं पयजो. माह्याकडं ध्यान देऊ नको.”

“अन् तुम्ही पडले तं?”

“नाई पडत.”

ती हातातल्या काडीनं माती उकरत राहिली.

शनिवारी आम्ही मैदानात उतरलो. लाल, मऊ जमीन, असं काही मी पायाखाली कधी घेतलं नव्हतं. बाकीच्या मुलींचे सोबती सगळे पंचविशीच्या आतले, चपळ, दंडावर पट्टे बांधलेले. एकानं मला विचारलं, “गाईड कुठे आहे?” मी दोरी दाखवली. तो ओशाळला.

शिट्टी वाजली. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. आणि मला आश्चर्य वाटायला लागलं. मी टिकून होतो. दोरी ताणलेली नव्हती. ती मला ओढत नव्हती, मी तिच्या बरोबरीनं पाऊल टाकत होतो. मला दम लागला होता, पण छातीत कळ नव्हती. मला वाटलं, झालं! इतक्या शनिवार-रविवारांनी शेवटी मला पाय दिले. शेवटच्या फेऱ्यात तर मला हसू आलं. मी तिला “डावीकडे वळण” सुद्धा म्हणू शकलो. आमच्या पुढे तीन मुली होत्या, आणि त्या तीनच उद्याला जाणार होत्या. मी ओरडलो, “ताण! आता ताण!” तिनं थोडा वेग वाढवला. थोडाच. आम्ही चौथे आलो.

मी गवतावर पडलो. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “बाबा, पाणी पेता का? बाटली तुमच्या उजव्या हाताले ठेवली होती ना? मी आणतो, थांबा, तिथं कोणाले तरी इचारतो.”

एवढं मोठं वाक्य ती एका दमात बोलली. तिला दम लागलेलाच नव्हता. बाकीच्या मुली पोट धरून वाकल्या होत्या, एक जण रडत होती, आणि माझी मुलगी बाजारातून चालत आल्यासारखी बसली होती.

मला सगळं कळलं. आणि मला इतका राग आला की मी बसल्या जागी तिच्या अंगावर ओरडलो. आजूबाजूची माणसं वळून पाहायला लागली. “काऊन? काऊन हळू पयली तू? अख्खा हिवाळा काऊन पयलो मंग आपण? तुले सांगतलं होतं ना मी!”

ती दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

“मी पडलो असतो, दोरी सुटली असती, अन् आपण बाद झालो असतो, म्हणून का?”

“नाई,” ती म्हणाली.

“मंग?”

“त्या रविवारी तुरीत तुम्ही ओकले ना, तवा मी तुमचा श्वास ऐकला. मधातच थांबला होता तो. मी मोजत होती.” मग तिनं चाचपत माझा हात धरला. “तुम्ही इथं पडले असते, तं मी कोणासंग घरी गेली असती बाबा? आईले काय सांगतलं असतं?”

मी उठलो आणि पाण्याची बाटली स्वतःच शोधून आणली.

परतीची गाडी रविवारी संध्याकाळची होती. अंतिम फेरी दुपारी. मी म्हणालो, जायला नको, स्टेशनवरच बसू. ती म्हणाली, “ऐकायची हाये मले.” म्हणून आम्ही पायऱ्यांवर जाऊन बसलो. ऊन होतं. दुसऱ्या दिवसाचे माझे पाय ठणठणीत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रविवारी मला कुठेही दुखत नव्हतं.

शिट्टी वाजली तशी ती पुढे वाकली. त्या मऊ जमिनीवर पावलांचा आवाज होत नाही, पण सोबत्यांचे आवाज येत होते. “वळण, वळण,” “बाहेरून,” “आता सोड.” ती प्रत्येक आवाजाबरोबर मान वळवत होती. तिचे पाय खाली पायरीवर हलत होते. मी तिच्याकडे पाहत होतो आणि मैदानाकडेही पाहत होतो. पहिली मुलगी खूप पुढे निघून गेली, तिला कोणी गाठणं शक्य नव्हतं. बाकीच्या मात्र शेवटच्या फेऱ्यात ढेपाळल्या. त्यांचे पाय दुसऱ्या दिवशी उठत नव्हते. आमच्या रविवारांत मी तिला तसं ढेपाळताना कधी पाहिलं नव्हतं.

शर्यत संपली. टाळ्या वाजल्या. तिनं बराच वेळ हिशेब केल्यासारखं तोंड केलं आणि मग म्हणाली, “बाबा, मी तिसरी आली असती.”

मी खोटं बोलू शकलो असतो. तिला दिसत नव्हतं.

“दुसरी,” मी म्हणालो.

तेव्हा ती रडली.